पटावरची सात मुलं

तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. बाकी सगळं खातं तिला मोजणीबाई म्हणायचं; काहीजण तोंडावर, बरेचसे पाठीमागे. सरकारने कामावर जाणाऱ्या गरीब आयांसाठी गल्लोगल्ली बालकेंद्रं काढली होती. प्रत्येक केंद्रात एक खोली, एक सांभाळणारी बाई, एक मदतनीस, सकाळी दूध-पाव आणि दुपारी जेवण नि उकडलेलं अंडं. केंद्राच्या पटावर ज्यांची नावं आहेत ती मुलं खरोखर आहेत का, सहा वर्षांच्या आतली आहेत का आणि त्यांच्या आया खरंच कामाला जातात का, हे स्वतः जाऊन बघायचं आणि मग सही करायची, ही मोजणीबाईची नोकरी.

इतर तपासनीस दारातच उभे राहून विचारायचे, "किती? पंचवीस? बरं," आणि पेन काढायचे. मोजणीबाईचं तसं नव्हतं. ती चपला काढून आत जायची, फरशीवर फतकल मारून बसायची आणि एकेका पोराच्या डोक्यावर हात ठेवून मोजायची. मधेच एखादं उठून पळालं की पुन्हा पहिल्यापासून. एका केंद्रात तिला चार वेळा मोजावं लागलं होतं. तिथल्या दोन पोरांना हा खेळच वाटला. मोजून झालं की ती गुपचूप रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसत आणि बाईची संख्या एकोणतीसवर गेली की खिदळत.

ही सवय तिला हौसेने लागली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ती अशाच एका केंद्रात भर दुपारी गेली होती. तिथल्या बाईने ओठांवर बोट ठेवलं. "आत्ताच डोळा लागलाय लेकरांचा. उठवलीत तर निजवायला तुम्हीच बसा हं." पडदे ओढलेले, खोलीत अंधार. हिने पांघरुणाखालचे उंचवटे मोजले, पंचवीस भरले आणि सही ठोकली. चार महिन्यांनी कळलं, त्यातले चौदा उंचवटे उशांचे होते. कळलं तेही वाईट रीतीने. "पट भरलाय, जागा नाही" म्हणून तिथून एका आईला परत पाठवलं होतं. ती पोराला घरात कोंडून कामाला जाऊ लागली आणि एक दिवस पोराने शेगडीवरचं पातेलं ओढलं. पाय पोळला. पोर वाचलं, पुढे धावायलाही लागलं. पण मोजणीबाई दवाखान्यात त्याला बघायला गेली तेव्हा त्याची आई तिच्यावर ओरडली नाही, रडलीही नाही. "एकदा पांघरूण उचलून बघायचं होतं हो," एवढंच म्हणाली.

बाईने कानाला खडा लावला तो तेव्हा. त्याला आता बावीस वर्षं झाली होती.

यंदा खात्यात नवे साहेब आले. वयाने तरुण, इस्त्रीचा शर्ट, टेबलावर एकही कागद आडवातिडवा नाही. माणूस वाईट नव्हता, पण वरून फर्मान आलं होतं आणि ते त्यांनी जसंच्या तसं खाली सोडलं. प्रत्येक केंद्र पंधरा दिवसांत तपासायचं, पटावरची बोगस नावं कापायची आणि रोज संध्याकाळी किती नावं कापली तो आकडा कळवायचा.

"आणि घातली किती, ते?" मोजणीबाईने विचारलं.

"काय घातली?"

"नावं, साहेब. काढली ती कळवायची. घातली तर ती कुठं लिहायची?"

"घालायला कोणी सांगितलंय?" साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. तीही हसली. तेव्हा तिच्याही डोक्यात विशेष काही नव्हतं.

चौथ्या दिवशी ती लाँड्रीमागच्या गल्लीतल्या केंद्रात गेली. तिथली सांभाळणारी बाई पन्नाशीची, अंगाने भरलेली, आवाज खर्जातला. मुलांना "मावशी" हा शब्द पुरा म्हणायला वेळ नसे म्हणून ती "माऊ" झाली होती, आणि आता तर तिच्या नावाने येणाऱ्या पत्रांवरही पोस्टमन पेन्सिलीने 'माऊ' लिहायचा. खोली स्वच्छ होती. खिडकीच्या खाली पंचवीस पेले पालथे घातलेले. मोजणीबाईने डोकी मोजली. पंचवीस. नववं डोकं एका चार वर्षांच्या मुलीचं होतं. तिच्या डाव्या हाताला प्लॅस्टर होतं आणि प्लॅस्टरवर निळ्या पेनाने काढलेला एक मासा.

"हात कसा गं मोडला?"

"कपाटावरून उडी मारली."

"कशाला?"

"खाली उतरायचं होतं," मुलगी म्हणाली. या बाईला एवढंही कळत नाही, असा तिचा चेहरा.

"आणि मासा?"

"ताईनं काढला. तो पोहत नाही. हात ओला करायचा नाही ना, म्हणून."

मोजणीबाई हसत हसतच सही करून बाहेर पडली. कागदपत्रं चोख, डोकी चोख. मोठ्या बहिणीसारखी वाटणारी एक शाळकरी मुलगी तेवढी दारातून डोकावून गेली.

दोन दिवसांनी ती हमरस्त्याच्या पलीकडे, गोदामांच्या वस्तीतल्या केंद्रात गेली. इथल्या बाईला सगळे काकू म्हणत. काकू बारीक अंगाची, सारखी पदराला हात पुसणारी. त्या दिवशी जरा जास्तच पुसत होती. मोजणीबाई बसली. चौदा, पंधरा, सोळा... आणि सतराव्या डोक्यावर हात ठेवला तर खाली निळा मासा.

"तू इथं कशी गं?"

मुलगी ऐटीत म्हणाली, "आमची सहल आलीय!"

काकूच्या हातातला पेला खाली पडला. स्टीलचा होता, त्यामुळे बराच वेळ वाजत राहिला.

"अस्सं?" मोजणीबाईने आवाज चढू दिला नाही. "कोण कोण आलंय सहलीला?"

मुलीने चांगल्या हाताने दाखवून दिलं. हा, ही, तो, त्या दोघी आणि ती स्वतः. सहा. "परवा यांची सहल आमच्याकडे होती. सातजण आले होते. तुम्ही नव्हता का? होतात की! तुम्ही माझ्या डोक्याला हात लावला."

काकू मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसली. तिने मदतनीस मुलीला माऊकडे पळवलं आणि अर्ध्या तासात माऊ धापा टाकत हजर झाली. दोघी मोजणीबाईसमोर उभ्या राहिल्या. माऊने सारवासारव केली नाही.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "ही तयार नव्हती. मीच गळ घातली, तपासणीची तारीखही मीच काढून आणली."

"का पण?"

"नियम तुम्हाला माहीत नाही का, बाई? पंचविसाच्या खाली पट गेला की केंद्र बंद. माझ्या गल्लीत अठरा भरतात. हिच्याकडे एकोणीस. त्या अठरांचं मी काय करू? पंचविसाला सात कमी पडले म्हणून त्यांना भूक कमी लागते का?"

"मग दोन्ही एकत्र करा म्हणून अर्ज का नाही दिला?"

काकूने नुसतं खिडकीकडे बोट केलं. बाहेर हमरस्ता होता. ट्रकमागून ट्रक, मधल्या पट्ट्यात छातीएवढी भिंत, आणि ओलांडायचा पूल दीड मैलावर. माऊने आज सकाळी ती सहा मुलं पाठवली होती ती लाँड्रीच्या टेम्पोत बसवून.

मोजणीबाईला हे पटत होतं आणि म्हणूनच तिला राग येत होता. पटणाऱ्या गोष्टी ऐकून सही करणं कुठं नेतं हे तिला ठाऊक होतं. तिने खरा प्रश्न विचारला. "पटावर पंचवीस, म्हणजे दूध-अंडी पंचविसांची येणार. खाणारी अठरा. वरच्या सातांचं कुठं जातं?"

माऊ म्हणाली, "मी सांगितलेलं तुम्ही कशाला मानाल? कुठल्याही दिवशी दुपारी एकला माझ्याकडे या. मला कळवू नका, सांगू नका. नुसत्या या."

दुसऱ्या दिवशी मोजणीबाई पाऊण वाजताच जाऊन समोरच्या ओट्यावर बसली. एकला माऊने मागचं दार उघडलं. आधी चार शाळकरी मुलं आली, पाठीवर दप्तरं. त्यांत मासा काढणारी ताई होती. सहाच्या वर वय, म्हणजे केंद्रासाठी अपात्र, घरी कुलूप. ती ओळीने बसली आणि वाढायची वाटही न बघता आपापले पेले घेऊन आली. मग एकामागून एक तीन बाया आल्या, तिघींच्या काखेत तान्ही. तान्ह्यांना माऊच्या हवाली करून दोघी आल्या पावली निघाल्या. तिसरी, हाडकुळी, पायात पुरुषी चपला घातलेली, दारात घुटमळली. तिने बाळाच्या टाळूला नाक लावलं आणि मग धावतच गेली.

चार आणि तीन. सात.

"यांचा तर पटावर हक्कच आहे," तान्ह्यांकडे बघत मोजणीबाई म्हणाली. "यांची नावं का नाही घातलीस?"

"दाखला कुठाय? आई कामाला जाते असं मालकानं लिहून द्यायला हवं. यांचे मालक लिहून देत नाहीत. लिहिलं तर ती त्यांची कामगार ठरते, मग तिला सुट्टी द्या, अमुक द्या, तमुक द्या. त्यापेक्षा 'आम्ही हिला ओळखत नाही' म्हणणं सोपं. सकाळी तुम्ही लोक तपासणीला याल म्हणून मी यांना एकनंतरच घेते."

काकूकडेही असंच चालतं हे बघून त्या संध्याकाळी मोजणीबाई घरी आली ती ओठ घट्ट मिटून. तिचा नवरा शिंपी होता, दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. तो कोटाला बटणं लावत होता आणि सासूबाई शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होत्या. नव्वदीला टेकलेल्या त्या बाईची नजर अजून सुईच्या नाकातून जायची. कान मात्र आपल्या सोयीने ऐकायचे.

मोजणीबाईने सगळं सांगितलं. "लिहिलं तर दोन्ही केंद्रं बंद. सदतीस पोरं रस्त्यावर. नाही लिहिलं तर मी पुन्हा उशा मोजल्या."

"मग अर्धंमुर्धं लिही," नवरा म्हणाला. त्याला वादापेक्षा तडजोड आवडायची. कपडा कमी पडला तर तो बाही तोकडी करायचा.

"खोटं ते खोटं," सासूबाई म्हणाल्या. "लिहायचं तर पुरतं. पण मला सांग सूनबाई, त्या लाँड्रीच्या गल्लीत खरंच अठराच पोरं आहेत? मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते ना तिकडे, तर पायात पोरं येत होती. एकानं माझी काठी पळवली."

"जास्त आहेत हो. पण बाकीच्यांच्या आयांकडे दाखले नाहीत."

"मालकानं दिला नाही तर दुसरं कोणीच सांगू शकत नाही का, की बाई कामाला जाते?"

मोजणीबाईने पिशवीतून नावनोंदणीचा कोरा फॉर्म काढला. बावीस वर्षांत तो तिने हजारदा भरून घेतला होता. आईच्या कामाचा पुरावा: मालकाचा दाखला. त्याच्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरात: 'किंवा तपासनिसाने कामाच्या ठिकाणी समक्ष केलेली पाहणी.' ही ओळ भरलेली तिने आजवर कुठल्याच फॉर्मवर पाहिली नव्हती. तिने स्वतःही कधी भरली नव्हती. बावीस वर्षं ती आतली डोकी मोजत होती आणि दाराबाहेर राहिलेल्यांसाठी छापलेली ओळ तिच्याच पिशवीत होती.

ती रात्री नीट जेवली, शांत झोपली आणि सकाळी अहवाल लिहिला. उसनी मुलं, सहल, टेम्पो, चार शाळकरी, तीन तान्ही, सगळं. दोघींचा गुन्हा कमी करून लिहिला नाही आणि वाढवूनही नाही.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "उत्तम पकडलंत," ते म्हणाले. "दोन्ही बंद करू. तेरा बोगस."

"तेरा बोगस आहेतच, साहेब. कापाच. पण बंद करायच्या आधी मला आठ दिवस द्या. त्या दोन वस्त्यांमधली पात्र मुलं किती, ते अजून कोणी मोजलेलं नाही." तिने फॉर्म पुढे सरकवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "हे कोणी वापरतं?"

"नाही. पाय दुखतात त्याला."

साहेब थोडा वेळ टेबलावरची पेन्सिल सरळ करत बसले. ती आधीच सरळ होती. "आठ दिवस," ते म्हणाले. "पण एक लक्षात ठेवा, बाई. तुम्ही घातलेलं एक जरी नाव सैल निघालं, तर केंद्रं जातील आणि कारवाई तुमच्यावर होईल."

"सैल निघालं तर व्हायलाच हवी."

त्या आठ दिवसांत मोजणीबाईने चपलेचा एक जोड झिजवला. ती लाँड्रीच्या वाफेच्या खोलीत गेली, तिथे तिचा चष्मा पांढरा झाला आणि चादरी पिळणाऱ्या बायकांची नावं तिने आवाजावरून लिहून घेतली. बर्फाच्या कारखान्यात तिला दात वाजवत उभं राहावं लागलं. एका खाणावळीच्या मागच्या दारी दोघीजणी भांड्यांच्या ढिगाआड दिसेनात, म्हणून ती भांडी हटेपर्यंत थांबली, आणि थांबलीच आहे तर दहा-बारा पातेली विसळूनही दिली. प्रत्येक ठिकाणी तारीख, वेळ, काय काम बघितलं आणि खाली सही.

बातमी फुटली तशी सोंगंही आली. एक बाई एका दुकानापुढे मन लावून झाडत होती. मोजणीबाई वही काढणार तोच दुकानदार बाहेर आला आणि म्हणाला, "ही कोण? आणि माझा झाडू कशाला घेतलाय?" बाईने झाडू टाकला आणि धूम ठोकली. दुसरी एक जास्त अवघड होती. खरंच गरजू, खरंच कष्टाळू, पण काम मागच्या आठवड्यात सुटलेलं. तिने मोजणीबाईचे हात धरले. मोजणीबाईने हात सोडवून घेतले नाहीत आणि नावही लिहिलं नाही. "ज्या दिवशी काम मिळेल त्या दिवशी मला निरोप धाड," ती म्हणाली. "त्याच दिवशी येते. ही माझी जबाबदारी." बाई वळून गेली. तो दिवस मोजणीबाईला जड गेला.

पुरुषी चपलांच्या त्या हाडकुळ्या बाईचं काम सात मजली इमारतीचे जिने धुण्याचं होतं. मोजणीबाई सकाळी साडेसहाला तिथे पोहोचली. जिन्याच्या सर्वांत वरच्या वळणावर प्लॅस्टिकचा मोठा टब होता. टबात जुनी चादर आणि चादरीवर बाळ, जागं, स्वतःच्या पायाचा अंगठा पकडण्यात गुंग. एक मजला धुऊन झाला की बाई टब उचलून खालच्या वळणावर ठेवायची आणि वर जाऊन बादली आणायची. मजल्यामागून मजला बाळ असं खाली उतरत होतं.

"रोज असंच?" मोजणीबाईने विचारलं.

"रांगायला लागेपर्यंत चालेल," बाई म्हणाली. "पुढचं अजून ठरवलं नाही."

तेवढ्यात मुकादम वर आला, जिने चढून लालबुंद झालेला चेहरा. "ओ बाई, इथं काय काम?"

"ही तुमच्याकडे कामाला आहे का?"

"ही?" मुकादमाने खांदे उडवले. "मी ओळखतसुद्धा नाही हिला. कोणीतरी आली असेल." आणि त्याच दमात मागे वळून तो गरजला, "ए, पाचव्यावरचा कोपरा राहिलाय, दिसत नाही? काल पण तसाच सोडलास!"

मोजणीबाईने दोन्ही वाक्यं शब्दाला शब्द लिहून घेतली. खाली वेळ टाकली: सहा वाजून बावन्न मिनिटं.

नवव्या दिवशी साहेबांनी ते पान वाचलं तेव्हा, त्यांच्या शिपायाच्या सांगण्यानुसार, ते खोलीत एकटेच मोठ्याने हसले.

हिशेब मात्र सगळाच मनासारखा जुळला नाही. माऊच्या अठरांतला एक मुलगा जन्मदाखल्याप्रमाणे सहा वर्षं चार महिन्यांचा निघाला. मोजणीबाईने त्याचं नाव स्वतःच्या हाताने कापलं. उरले सतरा. नव्याने सापडलेले दहा, त्यांत ती तीन तान्ही. सत्तावीस झाले, माऊचं केंद्र तरलं. काकूकडे मात्र एकोणीस आणि नवे चार मिळून तेवीसच. दोन कमी.

"नियम नियम आहे," साहेब म्हणाले. पण म्हणताना त्यांनी पेन उचललं नाही. मग अचानक उठले. "चला, तो तुमचा हमरस्ता दाखवा."

दोघं रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. साहेब पुढे पाऊल टाकत आणि मागे घेत. ट्रक त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर धूळ उडवून जात होते. तब्बल अकरा मिनिटांनी फट सापडली आणि साहेब फाईल छातीशी धरून जे धावले ते मधल्या भिंतीपाशी थांबले. भिंत चढायला त्यांना दोन प्रयत्न लागले. पलीकडे पोहोचल्यावर त्यांनी पँट झटकली आणि दम खात म्हणाले, "टेम्पोत बसवून आणली होती, नाही का?"

"हो."

"शहाणी बाई आहे ती माऊ. पण शिक्षा होणारच."

शिक्षा झाली. दोघींना लेखी ताकीद मिळाली आणि एका वर्षाची वेतनवाढ गेली. दोघींनी मान खाली घालून ऐकलं. माऊने तर "कमीच केलीत" म्हणून टाकलं. काकूच्या केंद्राला सहा महिन्यांची मुदत मिळाली, पट पंचवीसवर नेण्यासाठी. काकूने पदराला हात पुसले आणि हळूच म्हणाली, "दोनच ना? गोदामाच्या चाळीत तिघींना दिवस गेलेत." साहेबांनी संध्याकाळच्या तक्त्यात एक नवा रकाना आखून घेतला: 'नव्याने पात्र ठरलेली.' इतर तपासनीस कुरकुरले. पायांचं दुखणं आता सगळ्यांच्याच वाट्याला येणार होतं.

त्या चार शाळकरी मुलांचं काही करता आलं नाही. वय म्हणजे वय. मोजणीबाईने त्यांच्याविषयी वेगळं पत्र वर पाठवलं, की सहाच्या पुढे पोट काही बंद होत नाही, शाळेनंतरची सोय कोणीतरी बघावी. उत्तर आलं नाही. ती दर महिन्याच्या एक तारखेला तेच पत्र नवी तारीख टाकून पुन्हा पाठवते. तोवर माऊ त्यांना आपल्या घरच्या पातेल्यातलं वाढते, आणि मोजणीबाईने ते स्वतः चाखून खात्री करून घेतली आहे की ते केंद्राच्या पातेल्यातलं नव्हे. मीठ जास्त असतं.

नव्या नावांची पहिली सकाळ आली तेव्हा मोजणीबाई सहा वाजताच लाँड्रीमागच्या गल्लीत हजर होती. जिने धुणारी बाई आली, काखेत बाळ. माऊने पट उघडून नाव वाचून दाखवलं. बाईने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग बाळ दिलं. तिला वाटलं होतं, इतक्या सकाळी ते रडेल. बाळाने माऊच्या हातातला चमचा बघितला आणि आईकडे पाठ फिरवली.

बाई बाहेर आली आणि गल्लीच्या मधोमध उभी राहिली. पुढे जाईना, मागेही येईना.

"जा ना," मोजणीबाई म्हणाली. "उशीर होईल."

"जाते," बाई म्हणाली आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. "आठ महिन्यांत सकाळी कधी रिकाम्या हातांनी चालले नाही हो; दुपारी नुसती धावते. कुठं ठेवायचे तेच कळेना."

"झुलव की मग."

बाई लाजून हसली. दोन पावलं तशीच आखडून गेली. मग एक हात सुटला, मग दुसरा, आणि लाँड्रीच्या वळणाशी पोहोचेपर्यंत ती दोन्ही हात मोकळे झुलवत, त्या पुरुषी चपला फटफट वाजवत चालली होती. वळणावर बस उभी होती. ती पळत सुटली आणि तिने बस पकडली.